दिवाळे कंपनीचे, धोका कोणाचा?



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने योजिली जातात, त्यांनी आम्हांस एक सवय लावली होती. कोणतेही गणित सुटले की ते विचारीत, ‘‘उत्तर आले, पण शिल्लक कोणाच्या खात्यावर पडली?’’ आज मी जो विषय मांडणार आहे तो त्याच प्रश्नाचा विस्तार आहे. मोटारी तयार करणारी एखादी कंपनी बुडते, तिचे देणे-घेणे मिटविले जाते आणि हिशेबाची वही बंद होते. परंतु तिने विकलेल्या मोटारी त्या दिवशी रस्त्यावरून नाहीशा होत नाहीत. त्यांपैकी एखादीत जीवघेणा दोष असला, तर ती शिल्लक कोणाच्या खात्यावर मांडावयाची?

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. सायंकाळी आपल्या टावर चौकात घटकाभर उभे राहावे. फ्रीगंजातील त्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती जी वाहने फिरतात, त्यांच्या नावांकडे पाहावे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस या देशातील विक्री थांबविली, तरी तिची शेवरलेट अजून दिसते. फोर्डने २०२१ साली येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तिच्या गाड्या धावत आहेत. क्वचित एखादी अँबेसेडरही आढळते. यांतील काही कंपन्या केवळ देश सोडून गेल्या, काहींचे कारखाने बंद पडले, काहींचे खरोखरच दिवाळे निघाले. चौक ओलांडणाऱ्या माणसाला मात्र हा भेद ठाऊक नसतो आणि ब्रेकलाही तो ठाऊक नसतो.

‘दिवाळे’ या शब्दाविषयी एक जुनी आठवण सांगतात. पूर्वी एखाद्या सराफाची पेढी बुडाली की तो भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे. उन्हात जळणारा दिवा पाहून साऱ्या पेठेस कळे की या पेढीकडे आता देण्यास काही उरले नाही, ज्यांचे येणे असेल त्यांनी आताच यावे. शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी ठरवावी, मला त्या चालीतील न्याय महत्त्वाचा वाटतो. दिवाळे ही मुळात एक सूचना होती. ज्याचा हक्क बुडणार आहे, त्याला निदान बुडण्यापूर्वी कळले पाहिजे, हा तिचा गाभा होता. आजच्या व्याख्यानात आपण या दिव्याकडे पुन्हा पुन्हा वळणार आहोत.

प्रथम दिवाळ्याचा कायदा काय करतो ते पाहू. आपल्याकडे २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता झाली. कंपनी कर्ज फेडू शकत नाही असे दिसले, की राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे प्रकरण जाते. तेथे ते दाखल झाले की कंपनीविरुद्धचे दावे स्थगित होतात. मग एकतर कोणी नवा मालक योजना घेऊन पुढे येतो किंवा कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विकली जाते. मोडीत काढल्यास आलेला पैसा कोणत्या क्रमाने वाटावयाचा, हे संहितेच्या कलम ५३ मध्ये सांगितले आहे. प्रथम या प्रक्रियेचाच खर्च. नंतर कामगारांचे २४ महिन्यांचे वेतन आणि तारण घेतलेल्या बँका. त्यानंतर इतर कर्मचारी, मग तारण नसलेले वित्तीय धनको, मग सरकारी येणे. त्याच्याही खाली ‘उर्वरित देणी’ अशी एक पायरी आहे. सदोष मोटारीने ज्याचा पाय गेला त्या माणसाचा दावा या पायरीवर उभा असतो. त्याच्या खाली फक्त भागधारक. पंगतीत इतक्या उशिरा बसणाऱ्याच्या पानावर काय पडते, हे वेगळे सांगावयास नको.

आता बँक आणि हा जखमी माणूस यांतील अंतर पाहा. बँकेने जोखीम ओळखून कर्ज दिले, व्याज ठरविले, तारण घेतले. जखमी माणसाने कंपनीशी कोणताही करार केलेला नसतो. पुष्कळदा तो गाडीचा मालकही नसतो, रस्त्याच्या कडेने चालणारा पादचारी असतो. दुसरे असे की बँकेचे येणे दिवाळ्याच्या दिवशी वहीत लिहिलेले असते. उलट, सदोष गाडीमुळे उद्या होणारा अपघात आज घडलेलाच नाही. ज्या हक्काचा जन्म व्हावयाचा आहे, त्याने रांगेत उभे राहावे तरी कसे? कर्ज ही भूतकाळातील वस्तू आहे, धोका ही भविष्यकाळातील. दिवाळ्याचा कायदा कर्जासाठी रचला गेला. धोका त्याच्या मापात बसत नाही.

या अडचणीचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. जनरल मोटर्सने १ जून २००९ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या महिन्यात, १० जुलै रोजी, तिचे चांगले कारखाने, नाममुद्रा आणि व्यवसाय सरकारी पैशाने उभारलेल्या एका नव्या कंपनीस विकण्यात आले. ही विक्री जुन्या दाव्यांपासून ‘मुक्त’ असल्याचे न्यायालयाने ठरविले. विक्रीनंतर होणाऱ्या अपघातांची भरपाई आणि जुन्या गाड्यांची दुरुस्ती करण्याचे कायदेशीर कर्तव्य नव्या कंपनीने पत्करले. आधी जखमी झालेल्यांनी मात्र जुन्या कंपनीच्या उरल्यासुरल्या सांगाड्याकडे जावे, अशी व्यवस्था झाली. नाव तेच, कारखाना तोच, बहुतेक माणसेही तीच. केवळ कर्ता बदलला असे म्हणावयाचे. आपल्याकडे वाडा घेणाऱ्या मुलाने बापाचे देणे नाकारले, तर गाव काय म्हणत असे ते आपणांस ठाऊक आहे.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ पासून, त्याच कंपनीने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलाविल्या. दोष किल्लीच्या खटक्यात होता. त्याचा ताण इतका कमी होता, की जड जुडगा लटकला किंवा गाडीस धक्का बसला तर किल्ली आपोआप मागे फिरे. एंजिन बंद पडे, सुकाणू जड होई आणि ऐन धडकेच्या वेळी एअरबॅग उघडत नसे. कंपनीतील काही अभियंत्यांना हा दोष कित्येक वर्षांपूर्वीच जाणवला होता, असे कंपनीनेच नेमलेल्या चौकशीत निष्पन्न झाले. एका टप्प्यावर तो भाग बदलण्यातही आला, पण त्याचा क्रमांक बदलला नाही, त्यामुळे पुढे शोध घेणारेही चकले. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने अखेर १२४ मृत्यू या दोषाच्या खाती मान्य केले.

पीडितांनी दावे लावले तेव्हा नव्या कंपनीने २००९ च्या ‘मुक्त’ विक्रीची ढाल पुढे केली. २०१५ साली दिवाळखोरी न्यायालयाने ती बऱ्याच अंशी मान्य केली. परंतु जुलै २०१६ मध्ये अपील न्यायालयाने त्या निर्णयाचा महत्त्वाचा भाग फिरविला. त्याचे कारण आपल्या दिव्याच्या चालीशी जुळणारे आहे. जुन्या कंपनीला दोष ठाऊक होता, निदान ठाऊक असावयास हवा होता. गाड्यांच्या मालकांची नावेही तिच्याकडे होती. असे असता विक्रीपूर्वी तिने त्यांना कळविले नाही. ज्याला कळविलेच नाही, त्याचा हक्क त्याच्या पाठीमागे बुडविता येत नाही. दिवा लावला नाही, म्हणून दिवाळ्याचे संरक्षणही नाही.

दुसरे उदाहरण जपानच्या ताकाता कंपनीचे. ती मोटारी नव्हे, मोटारींतील एअरबॅग करीत असे. पिशवी फुगविण्यासाठी तिने अमोनियम नायट्रेट वापरले. उष्ण आणि दमट हवेत काही वर्षांनी ते बिघडते आणि धडकेच्या वेळी आवश्यकतेपेक्षा फार जोराने पेट घेते. मग धातूचे आवरण फुटून त्याचे तुकडे चालकाच्याच अंगावर येतात. जगभर सुमारे १० कोटी फुगवणयंत्रे बदलण्याची वेळ आली. भारतातही अशा यंत्रांच्या गाड्या परत बोलाविल्या गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून १०० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांपैकी साडेबारा कोटी पीडितांसाठी आणि ८५ कोटी मोटार कंपन्यांसाठी होते. जूनमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१८ साली तिचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेला. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की हा दोष जुना होत गेला तसा अधिक घातक होत गेला. कर्ज काळाने विसरले जाते, असा धोका काळाबरोबर पिकत जातो.

आता आपल्या घराकडे वळू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे पद्मिनी, ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची पहिली मोटार आणि मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा ठरली. नव्वदीच्या दशकात कंपनीने पेजोशी हातमिळवणी करून कल्याणजवळ ‘३०९’ काढली. तो संसार फार काळ टिकला नाही. कुर्ल्याचे काम फियाटबरोबरच्या संयुक्त कंपनीकडे गेले. मूळ कंपनी चिंचवडला यंत्रे आणि काही काळ ‘रिओ’ नावाची छोटी गाडी करीत राहिली. २०२१ साली तिच्याविरुद्ध मुंबईत नादारीची प्रक्रिया सुरू झाली. मुंबईतील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत मात्र २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. या गाड्यांत अमुक दोष होता असा आरोप मी करीत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की वाहनाचे आयुष्य आणि त्याच्या निर्मात्याचे आयुष्य एकाच मापाचे नसते.

हिंदुस्थान मोटर्सची कथा याहून बोलकी आहे. तिचा एक कारखाना आपल्या पीथमपुरातही होता. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्यास अँबेसेडरचे उत्पादन थांबले. २०१७ साली ‘अँबेसेडर’ हे नाव पेजोच्या कंपनीस ८० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे नावालाही किंमत असते आणि ते गाड्यांपासून वेगळे काढून विकता येते. नाव घेणारा त्या नावाच्या जुन्या गाड्यांचे उत्तरदायित्व घेत नाही. अशा व्यवहारात बेकायदेशीर काही नाही, आणि म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे.

आपल्या कायद्याने गेल्या काही वर्षांत बरीच मजल मारली आहे, हे कबूल केले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले. त्यानुसार सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. निर्मात्याने गाडीची किंमत परत करावी, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करावी, असे त्यात आहे. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. निर्मात्यावर आदेशाची अंमलबजावणी होऊ शकत नसेल, तर काही परिस्थितीत विक्रेत्यासही जबाबदार धरता येते, अशी तरतूद त्यातील कलम ८६ मध्ये आहे. २०१७ साली झालेल्या एका अपघातात एअरबॅग न उघडल्याबद्दल ह्युंदाईविरुद्ध जे प्रकरण चालले, त्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. धडकेचा वेग आणि बल यांचे गणित ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा आदेश कायम झाला. परंतु तेथे निर्माता धडधाकट होता. आदेश घेऊन ज्याच्या दारी जावे ते दार उघडे होते.

निर्माता बुडाल्यावर काय होते? तीन फटी मला दिसतात. पहिली अशी की आपल्याकडे निर्माता मुळात न्यायालयापर्यंत येतच नाही. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभे राहतात ते चालक, मालक आणि विमा कंपनी. नोंद बहुधा अतिवेगाच्या खात्यावर पडते. गाडीत काय मोडले, हे सहसा कोणी तपासत नाही. वाहने तपासण्याची भव्य धावपट्टी पीथमपुरात २०२१ पासून चालू आहे. पण आपल्या चौकात चुरडलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडते. त्यामुळे दोष असलाच तर तो निर्माता जिवंत असतानाही उघड होत नाही, मग बुडाल्यावर तो काय उघड होणार!

दुसरी फट काळाची. परत बोलाविण्याच्या नियमांत, जे २०२१ साली आले, सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांचाच विचार आहे. जनरल मोटर्सच्या पहिल्या सदोष गाड्या परत बोलाविल्या गेल्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. ताकाताचा दोष तर वयानेच वाढणारा. आपल्या गावात नवी गाडी घेणाऱ्यांपेक्षा जुनी घेणारे थोडे नाहीत. ज्यांना संरक्षणाची निकड अधिक, तेच या मर्यादेबाहेर राहतात.

तिसरी फट सूचनेची. नादारी सुरू झाली की दावे मागविणारी जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात द्यावी लागते. ही वृत्तपत्रे मुख्यतः कंपनीची नोंदणीकृत कचेरी आणि प्रमुख कार्यालय जेथे असेल तेथली. कंपनी मुंबईची असली तर उज्जैनच्या गाडीमालकाच्या दृष्टीस ती पडण्याचा संभव किती? पुढे नव्या मालकाची योजना मंजूर झाली की जे दावे त्या योजनेत नाहीत ते संपुष्टात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केले. नवा मालक कोरी पाटी घेऊन सुरुवात करतो. कारखाने जगावेत, कामगारांची चूल पेटती राहावी, यासाठी ही कोरी पाटी आवश्यक आहे, हे मी मान्य करतो. अनिश्चित देण्यांचे ओझे असेल तर आजारी कारखाना कोणीही घेणार नाही. पण पाटी पुसताना तिच्यावर उधारीबरोबर धोक्याची सूचनाही पुसली जाते, याचे काय?

मध्य प्रदेशात राहणाऱ्याने हा प्रश्न विचारताना भोपाळ विसरू नये. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१ साली युनियन कार्बाइड दुसऱ्या कंपनीच्या मालकीत गेली. भरपाई वाढवून मागणारी सरकारची याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आणि त्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी आणला गेला तो आपल्या शेजारच्या पीथमपुरातच. मालकी कागदावर बदलत गेली, विष जागच्या जागी राहिले. कारखान्याचे जे झाले तेच चाकांवर धावणाऱ्या यंत्राचे होऊ नये.

उपाय अगदीच अज्ञात नाही. अमेरिकेने २०१२ साली कायद्यात असे स्पष्ट केले, की पुनर्रचनेसाठी दिवाळखोरीचा अर्ज केल्याने मोटार निर्मात्याचे सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचे कर्तव्य संपत नाही. २०२४ साली फिस्कर ही विजेवरील मोटारींची कंपनी बुडाली. परत बोलाविलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीची मजुरी मालकांनीच द्यावी असे तिने प्रथम सांगितले, पण सरकारी आक्षेपानंतर तिला ते मागे घ्यावे लागले. कर्तव्य आणि कर्ज यांतील भेद कायद्यात लिहिलेला असला की असा फरक पडतो. कर्ज थोडे सोडून देता येते, बारा आण्यांवर मिटविता येते. ज्ञात दोष दुरुस्त करण्याचे कर्तव्य बारा आणे पाळता येत नाही.

आपल्याकडेही चार गोष्टी मागता येतील. कारखाना, आराखडे आणि नाव घेणाऱ्याकडे जुन्या गाड्या परत बोलाविण्याचे कर्तव्यही जावे. जेथे घेणारा कोणीच नाही, तेथे मालमत्तेतून काही रक्कम या कामासाठी सर्वांच्या आधी बाजूला काढावी. सात वर्षांची मर्यादा दोषाच्या स्वरूपाप्रमाणे शिथिल व्हावी. आणि नादारीची सूचना वृत्तपत्राच्या कोपऱ्यात न राहता प्रत्येक नोंदणीकृत मालकास जावी. परिवहन खात्याकडे प्रत्येक गाडीची आणि मालकाची नोंद संगणकावर आहे. दिवा घरोघर लावता येईल अशी सोय प्रथमच झाली आहे, तो लावण्याची इच्छा हवी.

शेवटी एक कबुली देतो, कारण तिच्याशिवाय हे सारे बोलणे दुसऱ्यांवर बोट दाखविण्यासारखे होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एक जुनी मोटार घेतली होती. तिच्या निर्मात्याने गाशा गुंडाळला होता. नावाशी आज कर्तव्य नाही. ज्या दालनातून ती विकली गेली, तेथे दुसऱ्याच कंपनीची पाटी लागली होती. ब्रेक मधूनच खाली जात. टावर चौकाजवळच्या मिस्त्रीने दोन-तीनदा काम केले आणि म्हणाला, ‘‘साहेब, याचा अस्सल भाग आता येत नाही. मी बसवतो तो जुळवून बसवतो.’’ मी आणखी वर्षभर ती चालविली आणि मग विकली. घेणारा तरुण होता, बायको-मुलांना घेऊन गाडी पाहावयास आला होता. त्याने किंमत विचारली, कागदपत्रे विचारली. ब्रेकविषयी त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पुढे त्या गाडीचे काय झाले मला कळले नाही. त्या व्यवहारात माझी पाटी कोरी झाली, असे कायदा कदाचित म्हणेल.

मी म्हणत नाही. ज्या कंपनीने आपल्या ग्राहकांस कळविले नाही तिला दोष देताना मला तो तरुण आठवतो. कायदे सुधारतील, सुधारावेत, त्यासाठी आपण प्रतिनिधींस लिहावे. पण या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने निदान एवढे करावे. जुने वाहन घेताना चासी क्रमांकावरून ते परत बोलाविलेल्यांत आहे काय, याची चौकशी करावी. आणि विकताना जे ठाऊक आहे ते विचारण्यापूर्वीच सांगावे. २०२८ साली सिंहस्थ येईल, देशभरातून लक्षावधी गाड्या या गावात उतरतील. त्यांतील कोणती कोणत्या बुडालेल्या पेढीची आहे हे आपणांस कळणार नाही. दिवसा दिवा लावण्याचा मोठेपणा बुडणाऱ्या सराफातही होता. तो आपल्यात उरला आहे की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.